वाचक विचारतात : हाडे ठिसूळ झाली, पण कशामुळे?

गेल्या अंकात या सदरात हाडांच्या ठिसूळपणाविषयी, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसविषयी, थोडक्यात लिहिले होते. त्यानंतर इंदूर, देवास, उज्जैन आणि महू येथून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत प्रश्न होता तो कोणती कॅल्शियमची गोळी घ्यावी हा. पण त्याच पत्रांत आमवाताची, थायरॉइडची, मुतखड्याची किंवा वर्षानुवर्षांच्या पोटाच्या तक्रारीची हकीकत जाता जाता एखाद्या ओळीत येऊन गेली होती. माझ्या दृष्टीने पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ तीच होती. पाळी गेल्यावर आणि वय वाढल्यावर हाडे विरळ होतात हे आता घरोघरी ठाऊक आहे. दुसऱ्या एखाद्या आजारामुळे किंवा त्यावरच्या औषधामुळे हाडे झिजतात, हे मात्र फारसे बोलले जात नाही. आणि पुरुषांत किंवा पाळी चालू असलेल्या स्त्रियांत हाडे ठिसूळ आढळली, तर सुमारे निम्म्या रुग्णांत असे एखादे कारण शोधल्यावर सापडते. ते कारण तसेच ठेवून नुसते कॅल्शियम देत राहणे मला मान्य नाही, म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच पत्रांना दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. त्यांना दहा वर्षांपासून आमवात आहे. पाच वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड १० मिलिग्रॅम सुरू केले, त्याने खूप आराम पडला. पुढे त्या डॉक्टरांकडे जाणे झाले नाही. जुनी चिठ्ठी दाखवून आम्ही मेडिकलमधून गोळ्या आणत राहिलो. मागच्या महिन्यात बादली उचलताना त्यांच्या पाठीत कळ आली आणि एक्स-रेमध्ये एक मणका दबलेला दिसला. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.१ आला, त्यामुळे हा ऑस्टिओपोरोसिस नाही असे आम्हाला सांगण्यात आले. स्टेरॉइडची गोळी आजच बंद करावी का?
— एक सून, टिळकनगर, इंदूर

सर्वांत आधी हे सांगते की, गोळी आजच बंद करू नका. पाच वर्षे रोज बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यामुळे मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींनी स्वतःचे कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचे नैसर्गिक स्टेरॉइड, तयार करणे जवळजवळ थांबवलेले असते. अशा वेळी गोळी एकदम थांबवली, तर रक्तदाब घसरणे, उलट्या, ग्लानी अशी गंभीर अवस्था येऊ शकते आणि ती जिवावरही बेतू शकते. मात्रा कमी करायचीच आहे, पण ती पायरीपायरीने आणि आमवाताच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

आता टी-स्कोअरविषयी, म्हणजे निरोगी तरुण व्यक्तीच्या हाडांच्या घनतेशी केलेल्या तुलनेच्या आकड्याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेल्या व्याख्येनुसार उणे २.५ किंवा त्याहून खाली आकडा गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, आणि उणे १ ते उणे २.५ यांच्या मधल्या आकड्याला कमी घनता समजतात. परंतु बादली उचलण्यासारख्या साध्या कामात मणका दबणे हे हाड ठिसूळ असल्याचेच लक्षण आहे, मग डेक्साचा आकडा काहीही असो. स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या बाबतीत तर आकड्यावर विसंबणे अधिकच धोक्याचे असते, कारण त्यांची हाडे इतरांच्या तुलनेने बरी घनता असतानाही मोडतात. सासूबाईंना ऑस्टिओपोरोसिस आहे, आणि तो उपचार करण्याजोग्या टप्प्याला पोहोचलेला आहे, असेच समजून पुढे जावे.

स्टेरॉइड हाडांचे नुकसान अनेक बाजूंनी करते. नवे हाड घडवणाऱ्या पेशी त्याने मंदावतात आणि अकाली मरतात; आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते, लघवीवाटे जास्त जाते; आणि मांड्यांचे स्नायू अशक्त झाल्यामुळे माणूस अधिक वेळा पडतो. हाडांची सर्वांत वेगवान झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच होते. मणक्यांच्या आत जाळीदार हाड जास्त असल्यामुळे पहिला तडाखा बहुधा तेथेच बसतो. शरीरातच कॉर्टिसोल अतोनात तयार झाले तर काय होते, हे अमेरिकेतील शल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांनी १९३२ सालीच नोंदवून ठेवले होते, आणि त्यांच्या वर्णनात ठिसूळ झालेले मणके होतेच. पुढे १९४८ साली फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिझोन दिले, अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली आणि १९५० साली त्या कार्याला नोबेल पारितोषिक मिळाले. हे औषध वाईट नाही. योग्य वेळी, योग्य मात्रेत दिलेल्या स्टेरॉइडने प्राण वाचलेले मी पाहिले आहेत. वाईट आहे ते पाच वर्षे कोणाचीही नजर नसताना ते चालू राहणे.

आमवातही स्वतः हाडे झिजवतो, कारण सांध्यांत सतत पेटलेली सूज हाड खाणाऱ्या पेशींना चेतवत राहते. म्हणून आमवात काबूत आणणे हादेखील हाडांचाच उपचार आहे. मेथोट्रेक्सेटसारखी मूळ रोगावर चालणारी औषधे नीट बसवली, की स्टेरॉइडची मात्रा बहुतेकदा पुष्कळ खाली आणता येते. त्याबरोबर रक्तातील कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज तपासून हाडांसाठी औषध सुरू करावे लागेल. ते आठवड्यातून एकदा घ्यायचे अलेंड्रोनेट असू शकते, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रॉनिक ॲसिड असू शकते, किंवा मणका आधीच दबलेला असल्यामुळे रोज टोचायचे टेरिपॅराटाइडही तज्ज्ञ सुचवतील. स्टेरॉइडमुळे झालेल्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये मणक्यांचे नवे फ्रॅक्चर टाळण्यात ते अलेंड्रोनेटपेक्षा सरस ठरले आहे, मात्र ते महाग आहे.

अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी दिली गेली, तर ती घेण्याची रीत काटेकोरपणे पाळावी लागते. सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, रिकाम्या पोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी गिळायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही, काही खायचे-प्यायचे नाही. चहा किंवा दुधाबरोबर घेतलेली गोळी जवळजवळ वाया जाते, आणि गोळी घेऊन पुन्हा लवंडल्यास अन्ननलिकेला जखम होऊ शकते. दबलेल्या मणक्यामुळे सासूबाईंना अर्धा तास ताठ बसवत नसेल, तर हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. त्यांच्यासाठी शिरेतून द्यायचे औषध सोयीचे ठरेल.

याच संदर्भात सर्वच वाचकांना कळकळीने सांगावेसे वाटते की, रोज २.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रेडनिसोलोन तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ घ्यावे लागणार असेल, तर हाडांचा विषय पहिल्याच भेटीत काढावा. डेफ्लाझाकोर्ट हेही स्टेरॉइडच आहे. त्याचे ६ मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. सांधेदुखीवर किंवा दम्यावर हमखास गुण देणाऱ्या, नाव-घटक न लिहिलेल्या पुड्यांमध्येही स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा आढळले आहे. दम्याच्या पंपातून नेहमीच्या मात्रेत जाणाऱ्या स्टेरॉइडचा हाडांवरील परिणाम मात्र त्या मानाने फार कमी असतो, तेव्हा या भीतीने कोणी पंप बंद करू नये.

माझी मुलगी ३१ वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते. लहानपणापासून हडकुळी. हिमोग्लोबिन कायम आठ-नऊ. लोहाच्या गोळ्या घेऊनही वाढत नाही. जेवल्यावर पोट फुगते, त्याला आम्ही गॅसच समजत आलो. दोनदा गर्भपात झाला. मागच्या पावसाळ्यात अंगणात घसरून मनगट मोडले, तेव्हा डेक्सा केली, त्यात झेड-स्कोअर उणे २.६ आला. ड जीवनसत्त्व ९ होते, ते साठ हजार युनिटच्या पुड्या आठ आठवडे घेऊनही १४ वरच आहे. या वयात हाडे अशी कशी होतील?
— एक आई, सुदामानगर, इंदूर

आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण त्यातील प्रत्येक तक्रार आपण वेगळी म्हणून लिहिली आहे आणि मला ती सगळी एकाच आजाराकडे बोट दाखवताना दिसतात. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत, पाळी चालू असताना, टी-स्कोअर न पाहता झेड-स्कोअर पाहतात, म्हणजे त्याच वयाच्या इतर स्त्रियांशी तुलना करतात. तो उणे २ किंवा त्याहून खाली असेल, तर वयाला न शोभणारी ही झीज कुठून आली, याचा शोध घेणे भागच असते. लोह शोषले जात नाही, ड जीवनसत्त्व शोषले जात नाही, वजन वाढत नाही, पोट फुगते, गर्भ टिकत नाही. या सगळ्यांचा विचार करता सीलिॲक आजाराची तपासणी आपल्या मुलीने सर्वांत आधी करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या आजारात गहू आणि जव यांतील ग्लूटेन या प्रथिनाविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती उलटते आणि लहान आतड्याच्या आतल्या मखमली अस्तराचे नुकसान करते. अन्न पोटात जाते, पण त्यातील लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व रक्तात पोहोचत नाही. रक्तातील कॅल्शियम कमी पडू लागले की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ते काढून घेतात. गव्हाची पोळी हेच ज्यांचे मुख्य अन्न आहे त्या उत्तर आणि मध्य भारतात हा आजार दुर्मीळ नाही. उत्तर भारतातील पाहणीत शंभरात साधारण एका व्यक्तीला तो आढळला आहे. तरीही तो लहान मुलांच्या जुलाबाचा रोग आहे, अशी समजूत अजून आहे. मोठ्यांमध्ये जुलाब मुळीच नसतानाही तो असू शकतो, आणि न वाढणारे हिमोग्लोबिन किंवा ठिसूळ हाडे हीच त्याची पहिली खूण असू शकते.

तपासणी रक्ताची आहे. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज आयजीए असे तिचे नाव आहे, आणि तिच्याबरोबर एकूण आयजीएही (या प्रकारची रक्तातील सर्व प्रतिपिंडे) मोजावे, कारण ते मुळातच कमी असेल तर पहिली तपासणी खोटा दिलासा देते. ती सकारात्मक आली, तर दुर्बिणीने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील तुकडे काढून निदान पक्के करतात. कृपया एक गोष्ट लक्षात ठेवा : या तपासण्या होईपर्यंत गहू सोडू नका. पुष्कळ जण ऐकीव माहितीवरून पोळी बंद करतात, रक्तातील खुणा ओसरतात, आणि मग आजार आहे की नाही हे ठरवणेच अवघड होऊन बसते.

निदान झाले तर गहू आणि जव कायमचे सोडणे हाच उपचार. पोळी, रवा, मैदा, शेवया, दाल-बाफला आणि सकाळच्या पोह्यांबरोबरची जिलेबी हे उघड दिसणारे पदार्थ सोडणे तुलनेने सोपे आहे. घोटाळा होतो तो मराठी स्वयंपाकघरातल्या डब्यांत. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत गहू पडतोच. बाजारातील बांधणी हिंगात हिंगापेक्षा पीठच अधिक असते, आणि ते अनेकदा गव्हाचे असते. डबीमागील बारीक अक्षरांतील घटकांची यादी वाचून तांदळाच्या पिठाचा किंवा खड्याचा शुद्ध हिंग निवडावा. पिठाच्या गिरणीत गव्हानंतर लगेच ज्वारी दळली, तर तेवढी भेसळही आतड्याला पुरते, म्हणून ज्वारी-बाजरी घरच्या घरघंटीवर किंवा वेगळ्या जात्यावर दळलेली हवी. उलट ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, नाचणी, राजगिरा, शिंगाडा, वरी, साबुदाणा हे सगळे चालते. उपवासाचे बहुतेक पदार्थ, नुसते पोहे आणि आपल्या इंदुरी भुट्ट्याचा कीस यांवर आडकाठी नाही. कीस घरी करताना हिंग तेवढा पाहावा. शेव बेसनाची असली, तरी ज्या कढईत मैद्याच्या मठऱ्या तळल्या जातात त्याच तेलात ती तळलेली नसावी.

आतड्याचे अस्तर भरून येऊ लागले की हाडेही सावरतात, आणि त्यातील मोठी सुधारणा बहुधा पहिल्या वर्षातच दिसते. या वयात पुष्कळ तरुणींना हाडांची वेगळी औषधे लागतही नाहीत. म्हणूनच निदानाआधी कोणी हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचे सलाइन सुचवले तर थांबावे. ड जीवनसत्त्व इतके कमी असताना ते दिल्यास रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. शिवाय ड जीवनसत्त्वाच्या दीर्घ अभावाने हाडे मऊ पडण्याचा ऑस्टिओमलेशिया हा वेगळा विकारही डेक्सामध्ये कमी घनतेसारखाच दिसतो. रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले असेल तर तो ओळखता येतो. आणि निदान पक्के झाले, तर आपण स्वतः आणि मुलीची सख्खी भावंडे यांनीही हीच रक्ततपासणी करून घ्यावी, कारण हा आजार कुटुंबात आढळतो.

वय ५६. बारा वर्षांपासून थायरॉइडची गोळी, सध्या १५० मायक्रोग्रॅम. माझा टीएसएच ०.०४ आहे, कमी आहे म्हणजे चांगलेच, असे वाटत होते. आता खुब्याचा टी-स्कोअर उणे २.७ आला. गोळीमुळे हाडे झिजतात का?
— एक वाचक भगिनी, लोकमान्यनगर, इंदूर

योग्य मात्रेतील थायरॉक्सिनने, म्हणजे आपल्या गोळीतील संप्रेरकाने, हाडे झिजत नाहीत. गरजेपेक्षा जास्त मात्रेने मात्र नक्की झिजतात. टीएसएच हा थायरॉइडला काम करायला लावणारा मेंदूकडचा इशारा; तो ०.०४ इतका कमी याचा अर्थ शरीराला लागते त्याहून अधिक थायरॉइडचे संप्रेरक मिळते आहे. त्यामुळे हाड मोडण्याची आणि घडण्याची गती वाढते, घडणे मागे पडते, आणि पाळी गेलेल्या स्त्रीत ही तूट भरून निघत नाही. अशाने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोकाही वाढतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा कमी करून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहावा. थायरॉइडच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली असेल, तर टीएसएच मुद्दाम कमी ठेवलेला असू शकतो. तसे असल्यास मात्रेला स्वतः हात लावू नये. कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीपासून किमान चार तास दूर ठेवावी.

वडील ६७ वर्षांचे. तीन महिन्यांपासून पाठ दुखते, रात्री जास्त. एक्स-रेमध्ये दोन मणके दबलेले आहेत. हिमोग्लोबिन ८.४, क्रिएटिनिन १.९, कॅल्शियम ११.४. वयामुळे हाडे ठिसूळ झाली असे सांगून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या आहेत. डेक्सा करून घ्यावी का?
— एक मुलगा, देवास

डेक्सासाठी थांबू नका. हे उत्तर छापून येण्याआधीच मी आपल्याला पत्राने कळवले आहे. येथे ते देत आहे ते इतरांसाठी. दबलेले मणके, रक्तक्षय, बिघडू लागलेली मूत्रपिंडे आणि वाढलेले कॅल्शियम ही चार लक्षणे एकत्र आली, तर मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग नाही ना, हे आधी पाहावेच लागते. वयामुळे होणाऱ्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये रक्तातील कॅल्शियम वाढत नाही आणि हिमोग्लोबिनही घसरत नाही. सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, फ्री लाइट चेन, लघवीतील प्रथिनांची तपासणी आणि मणक्यांचा एमआरआय एवढ्यांवर चित्र पुष्कळ स्पष्ट होते. त्यानंतर गरजेनुसार अस्थिमज्जेचा नमुना घेतात. एमआरआयमध्ये मणक्याचा क्षयरोगही ओळखू येतो, आणि आपल्या देशात तो विसरून चालत नाही.

तोपर्यंत दोन गोष्टी आजच कराव्यात. रक्तातील कॅल्शियम वाढलेले असताना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून थांबवावे. आणि डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांना आणखी इजा करतात, म्हणून त्याही बंद कराव्यात. हृदयाचा आजार नसेल तर पाणी भरपूर द्यावे. पायांत जोर कमी वाटू लागला किंवा लघवी अडली, तर एक दिवसही न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावे, कारण मज्जारज्जूवर दाब आल्याची ती खूण असते. खासगी खर्च झेपणारा नसेल, तर इंदूरला एम. वाय. रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत सगळे अहवाल घेऊन जावे. मायलोमावर आज परिणामकारक औषधे आहेत, आणि मूत्रपिंडे जितकी शाबूत असताना उपचार सुरू होतील तितका त्यांचा लाभ अधिक होतो.

वय ४८. मुतखड्यासाठी तीनदा शस्त्रक्रिया झाली. आता मनगटाची घनता कमी आली आहे. खड्यामुळे दूध बंद केले होते. त्यामुळेच हाडे गेली का?
— एक वाचक भगिनी, छत्रीबाग, इंदूर

दूध बंद करणे हे कारण असण्यापेक्षा दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असण्याची शक्यता मला अधिक वाटते. मानेत थायरॉइडच्या मागे चार चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांतील एखादी वाढून जास्त संप्रेरक सोडू लागली, तर हाडांतील कॅल्शियम रक्तात आणि तेथून लघवीत येते. हाडे विरळ होतात आणि खडे पुन्हा पुन्हा होतात. अशा रुग्णांत मनगटाजवळील हाडाची घनता इतर जागांपेक्षा जास्त घटते, आणि आपल्या अहवालात नेमके तेच दिसते. रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व आणि पीटीएच (पॅराथायरॉइडचे संप्रेरक) ही तपासणी एकाच वेळी करून घ्यावी. कॅल्शियम वाढलेले आणि पीटीएचही वाढलेले असेल, तर दोषी ग्रंथी काढणे हा खात्रीचा उपाय आहे, आणि त्यानंतर हाडांची घनता वाढते.

या रोगाच्या इतिहासात चार्ल्स मार्टेल या अमेरिकी जहाजाच्या कप्तानाचे नाव कायमचे नोंदले गेले आहे. धिप्पाड बांध्याच्या या माणसाची उंची आजारामुळे सुमारे सात इंचांनी घटली. मानेवर वारंवार शस्त्रक्रिया करूनही सदोष ग्रंथी सापडेना. ती १९३२ साली सातव्या शस्त्रक्रियेत छातीच्या आत सापडली, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच मुतखड्याच्या गुंतागुंतीने त्यांचे निधन झाले. आज स्कॅनने ती ग्रंथी आधीच शोधता येते. दुधाबाबत सांगायचे, तर जेवणातील कॅल्शियम हे खडे बनवणाऱ्या ऑक्झलेट या द्रव्याला आतड्यातच अडवते, त्यामुळे दूध-दही पूर्ण बंद केल्याने खडे उलट वाढू शकतात. तपासणी होईपर्यंत आहारातील दूध ठेवावे, गोळ्या मात्र घेऊ नयेत.

वय ६१, चौदा वर्षांपासून मधुमेह. गोळ्यांत पायोग्लिटाझोन आहे. शिबिरात टाच यंत्रात ठेवून हाडांची तपासणी केली, ती उत्तम आली. आईचा खुबा मोडला होता. मी निश्चिंत राहावे ना?
— एक वाचक, महू

निश्चिंत राहू नये, असेच सांगावे लागेल. शिबिरातील टाचेची तपासणी ध्वनिलहरींची असते. तिच्यावरून निदान किंवा उपचार ठरत नाहीत. शिवाय टाइप २ मधुमेहात डेक्साचा आकडाही अनेकदा चांगला येतो आणि हाड तरीही मोडते, कारण साखरेमुळे हाडातील कोलॅजन या प्रथिनाची प्रत बिघडते आणि जुने हाड बदलण्याचे काम मंदावते. त्यात पायांतील बधिरपणा, अधू दृष्टी किंवा एकाएकी साखर उतरणे यांमुळे पडण्याचा धोका असतोच. पायोग्लिटाझोनमुळे फ्रॅक्चरचे प्रमाण वाढते, ते प्रामुख्याने स्त्रियांत दिसून आले आहे. आईचा खुबा मोडलेला असताना हे औषध बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. खुबा आणि कंबर यांची डेक्सा करावी, डोळे आणि तळपाय तपासून घ्यावेत. तरुणपणीच्या तुलनेत उंची चार सेंटिमीटरपेक्षा जास्त घटली असेल, तर मणक्यांचा एक्स-रेही काढावा, कारण दबलेले मणके पुष्कळदा दुखतही नाहीत.

वय ७०. स्तनाच्या कर्करोगानंतर पाच वर्षे लेट्रोझोल घेतले. हाडे विरळ झाल्यामुळे दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचे इंजेक्शन चालू होते, अशी पाच झाली. दात काढायचा म्हणून पुढचे थांबवण्यास सांगितले गेले; आता शेवटच्या इंजेक्शनला नऊ महिने झाले आहेत. दात अजून तसाच आहे. आता नव्याने सुरू करण्याची गरज आहे का?
— एक वाचक भगिनी, विजयनगर, इंदूर

गरज आहे, आणि याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे. लेट्रोझोल शरीरातील उरलेसुरले इस्ट्रोजेनही जवळजवळ नाहीसे करते, त्यामुळे हाडे वेगाने विरळ होतात. त्यासाठी आपल्याला इंजेक्शन दिले हे योग्यच होते. परंतु डेनोसुमॅबचा परिणाम साठून राहत नाही. सहा महिने उलटले की तो ओसरतो आणि दबून राहिलेल्या हाड झिजवणाऱ्या पेशी दुप्पट जोमाने कामाला लागतात. मिळवलेली घनता वर्षा-दोन वर्षांत निघून जाते आणि काहींचे एकाच वेळी दोन-तीन मणके दबतात. म्हणून हे औषध थांबवायचे असेल तर त्याच्या जागी झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा अलेंड्रोनेट द्यावेच लागते. हे इंजेक्शन सुरू करतानाच रुग्णाला स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि ते पुरेसे सांगितले जात नाही याची मला खंत वाटते.

जबड्याच्या हाडाला इजा होण्याची भीती निराधार नाही, पण ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत ती गुंतागुंत फार विरळ आहे. कर्करोग हाडांत पसरल्यावर दर महिन्याला दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेत ती अधिक दिसते. आपल्या बाबतीत नऊ महिने गेले असल्याने आधी मणक्यांचा एक्स-रे काढून नवे फ्रॅक्चर नाही ना हे पाहावे, तसेच रक्तातील कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन तपासावे. मूत्रपिंडे फार कमकुवत असतील तर या इंजेक्शनने कॅल्शियम एकदम खाली जाऊ शकते. पुढे पुन्हा दात काढण्याची वेळ आली, तर दंतवैद्य आणि हाडांचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलून दिवस ठरवावा. सातवा महिना संपेपर्यंत मात्र पुढचे इंजेक्शन किंवा त्याच्या जागचे औषध मिळालेच पाहिजे. सध्याचा दुखरा दात काढण्यासाठीही आता आणखी वाट पाहण्याचे कारण नाही. तो काढून जखम भरली की औषध लगेच सुरू करता येईल, आणि त्याची तारीख दंतवैद्याच्या चिठ्ठीवरच लिहून घ्यावी.